सबख्यातली बर्फगाडी

नबीलने मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे गंमतच जास्त आहे आणि तिच्या भरात मुद्दा राहून जाईल.

नबील आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. लेबनॉनचा, उंच, साइटवरही कडक इस्त्रीच्या पँटमध्ये फिरणारा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमची कंपनी कुवेतच्या उत्तरेला, समुद्राच्या बाजूला हायटेन्शन लाइन टाकत होती. टॉवर उभे राहिले होते. तारा ओढायच्या बाकी होत्या आणि मध्ये सबखा आडवा पडला होता.

सबखा म्हणजे खारी दलदल. वर मिठाची कडक पापडी, खाली मऊ चिखल. हिवाळ्यात पाऊस पडला की पापडीलाही दम राहत नाही. आमचा एक ट्रक त्यात ॲक्सलपर्यंत गेला. त्याला काढायला गेलेली जीपही गेली. वळसा घालायची सोय नव्हती. युद्धातले सुरुंग काढून जेवढा पट्टा मोकळा केला होता, त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा साइटचा पहिला नियम.

म्हणून कंपनीने युरोपातून एक जुनी बर्फगाडी आणली. शुवैख बंदराच्या यार्डात ती उतरली तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. लाल रंग. चाकांऐवजी रबरी पट्टे, एकेक पट्टा लहान खाटेएवढा रुंद. गाडीचं वजन एवढ्या जागेवर पसरतं, की जिथे माणसाचा पाय रुततो तिथे ही वरच्यावर निघून जाते. पाठीमागे स्की ठेवायचा रॅक होता. दारावर रेनडियरचं चित्र.

"हा बकरा कुठला?" दाऊदने विचारलं. दाऊद श्रीवर्धनचा, माझ्या गँगमधला रिगर, म्हणजे टॉवरवर दोर-कप्प्या बांधणारा.

"ईदचा नाही, एवढं नक्की," मी म्हणालो.

चालवायला कोणी पुढे येईना. गाडी बुडाली तर नोकरीही बुडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मला त्यात सौदा दिसला.

मी दापोलीकडचा. ट्रकवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, मग क्रेनवर बसलो, मग कुवेत. काम सुपरवायझरचं करायचो, पण इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासाच्या कागदावर, हुद्दा 'हेवी ड्रायव्हर'. ड्रायव्हरला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता, सुपरवायझरला मिळायचा. बायको झुबेदा आणि मुलगी शबनम गावी होत्या. एप्रिलमध्ये शबनमला इथल्या भारतीय शाळेत पहिलीत घालायचं, असं मी घरी सांगून बसलो होतो.

"मी चालवतो," मी नबीलला म्हणालो. "पण माझा हुद्दा सुपरवायझर करायचा."

"आधी दोरी पलीकडे ने, परकार. मग बघू."

"बघू नको साहेब. हो म्हणा."

"तू फार बोलतोस."

"म्हणून तर अजून क्लीनर नाही."

साइट इंजिनिअर आठवले साहेब शेजारी उभे होते. नाशिकचे, कुवेतमध्ये मंगफला राहायचे. हळूच मला म्हणाले, "परकारभाई, शर्कच्या मासळीबाजारात उभे राहा. कंपनी सोडून जास्त कमवाल."

शेवटी नबीलने हात पुढे केला. "बर्फगाडी दोरी घेऊन पलीकडच्या टॉवरला पोहोचली की तू सुपरवायझर. वल्लाह."

मी हात मिळवला.

दोरी म्हणजे पायलट रोप. जाड तार एकदम ओढता येत नाही. आधी हलकी नायलॉनची दोरी एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंत न्यायची, तिला स्टीलचा रोप बांधून ओढायचा आणि मग त्या रोपाला खरी तार. पहिली दोरी गेली की बाकीचं सगळं मशीन करतं. अडतं ते पहिल्या दोरीपाशी.

जानेवारीतली सकाळ होती. वाळवंटात तेव्हा हाडं गोठवणारा वारा असतो. बर्फगाडीचा हीटर मात्र घरच्या चुलीसारखा. मी चालवायचा सराव करत होतो, तेव्हा अर्धी साइट केबिनमध्ये बसून नाश्ता करायची. स्कीच्या रॅकमध्ये आम्ही फावडी आणि डबे लावले होते.

दोरीचं टोक मागे बांधलं, दाऊद आणि आठवले साहेबांना मागे बसवलं आणि निघालो. सबख्यात गाडीचा वेग बदलायचा नाही, थांबायचं नाही आणि झटक्यात वळायचं नाही. वळताना एका बाजूचा पट्टा मंद होतो, तो पापडी कापतो आणि आत जातो. मी सरळ रेघ धरली. पापडी कुरकुरत होती, पण धरून होती. मागून दाऊद ओरडत होता, "भाई, लाँचसारखी चालली!"

टॉवर अगदी जवळ आला आणि गाडी जड झाली. बर्फ पट्ट्यातून गळून पडतो. सबख्याचा चिखल गळत नाही, तो आतल्या चाकांवर सिमेंटसारखा बसतो. आधी खडखडाट झाला, मग गाडी थांबली. समोर टॉवरचे पाय दिसत होते. दगड मारला असता तर लागला असता.

दाऊद आणि मी, दोघेही खाडीकाठचे. भरती उतरल्यावर चिखलावर फळी टाकून कालवं काढायला जाणं आम्हाला नवीन नव्हतं. गाडीच्या टपावर केबल ड्रमच्या लाकडी फळ्या होत्या. एक फळी टाकायची, तिच्यावर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची, मागची उचलून पुन्हा पुढे. दोरी खांद्यावर. आठवले साहेब उत्साहाने आमच्यामागे आले, फळी सोडून पाय ठेवला आणि एक बूट सबख्याला देऊन बसले. आम्ही एवढे हसलो की फळीवर तोल सांभाळता येईना. तसेच हसत हसत टॉवरला पोहोचलो आणि दोरी बांधली. पलीकडून सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले.

संध्याकाळी नबीलकडे गेलो.

"मबरूक, अभिनंदन," तो म्हणाला. "फार छान काम."

"आणि हुद्दा?"

"गाडी टॉवरला पोहोचली की, असं ठरलं होतं. गाडी पोहोचली नाही. तू पोहोचलास."

माझं डोकं फिरलं. हेल्मेट मी त्याच्या टेबलावर आपटलं आणि जे बोललो ते इथे लिहीत नाही. आठवल्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं.

गाडी साफ करून मी परत आणली. पुढचे टॉवर कोरड्या जमिनीवर होते, त्यामुळे ती उभीच राहिली आणि नबीलला माझी गरज उरली नाही. फेब्रुवारी संपला. मार्चमध्ये पुन्हा सबखा लागला. मी चालवायला नकार दिला. बाकीच्यांनीही दिला.

"यात काय अवघड आहे?" म्हणत नबील स्वतः बसला.

थोडं अंतर गेला आणि रस्त्यावरच्या कारसारखी झटक्यात वळवली. एक पट्टा आत गेला, गाडी कलली. तो खाली उतरला आणि इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यापर्यंत रुतला. मी काठावर चहा पीत होतो. वॉकीटॉकी वाजला.

"परकार, ताबडतोब ये."

"साहेब, मी हेवी ड्रायव्हर. ही गाडी चिखलावर माणसापेक्षा हलकी चालते, असं तुम्हीच क्लायंटला सांगितलंत. माझ्या हुद्द्यात बसत नाही."

सगळी साइट चॅनेलवर ऐकत होती. क्लायंटचा कन्सल्टंटही.

"काय हवं तुला?"

"मंदूबला आत्ता कामाला लावा." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. "याच चॅनेलवर."

मग नबीलने ऑफिसला हाक मारली. परकारचा हुद्दा सुपरवायझर, अर्ज आजच. ऑफिसने होकार दिला, मगच मी चहा संपवला. फळ्या पट्ट्याखाली सारल्या, गाडी सरळ मागे घेतली, काढली. नबीलला दाऊदने काखेत हात घालून उपसलं. बूट चिखलातच राहिले.

कागद झाले, व्हिसा आला. झुबेदा आणि शबनम विमानतळावर उतरल्या तेव्हा मी दाऊदच्या गळ्यात पडून रडलो. पण तोवर उन्हाळा लागला होता आणि शाळेचे प्रवेश बंद झाले होते. पुढच्या वर्षी या, असं सांगण्यात आलं. तिच्या वयाच्या मुली पुढे गेल्या. शबनम वर्षभर फ्लॅटमध्ये राहिली, शेजारच्या सीरियन मुलांकडून अरबी शिकली आणि खिडकीतून शाळेच्या बस बघत राहिली.

सौदा करताना काय मिळणार हे सगळेच विचारतात. काम झालं असं कधी म्हणायचं, हे आधी ठरवून घ्यावं. मी तेव्हापासून तसंच करतो.

नबील आता बैरुतला असतो. ईदला फोन करतो, शबनमची चौकशी करतो, बर्फगाडीची गोष्ट काढून हसतो आणि त्यातला स्वतःच्या पँटचा भाग गाळतो. तो गाळला तरी चालेल. पण जानेवारीत दिलेला शब्द त्याने मार्चपर्यंत का अडवला आणि माझ्या मुलीचं ते वर्ष कोणाच्या नावावर मांडायचं, याचं उत्तर त्याने द्यावं. फोनवर नको. समोर बसून द्यावं.