मी लिहिलेला अर्ज

सर फळ्यावर एकच ओळ लिहायचे, खडूचे हात पँटला पुसायचे आणि वळून विचारायचे, "मशीनले समजलं. तुले समजलं काय?"

बुलढाण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला एक विषय होता, प्रोग्रामिंग भाषांच्या रचनेची तत्त्वं. भाषा वापरायला आम्ही आधीच शिकलो होतो. ती मुळात बनवायची कशी, एखाद्या शब्दाचा अर्थ कुणी आणि कसा ठरवायचा, हे सांगणारा हा विषय. कॉलेजातलं कुणी तो शिकवायला तयार नव्हतं. म्हणून तासिका तत्त्वावर सर आले. रोज धामणगाव बढेहून एसटीनं यायचे, राजूर घाटात गाडी रखडली की धापा टाकत वर्गात शिरायचे. घरी उर्दू, गावात वऱ्हाडी आणि पुस्तकात इंग्रजी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा.

एकदा त्यांनी विचारलं, "घरात 'बाळू' म्हणून हाक मारली त कोन येते?"

"घरातला बाळू," आम्ही म्हणालो.

"घरात बाळूच नसला त?"

"गल्लीतला."

"बराबर. आता तोच हाक मारनारा पुन्याले गेला. तिथंबी एक बाळू हाये. त्यानं हाक मारली, मंग कोनता बाळू येईन? पुन्याचा का गावचा?"

वर्गात भांडणं लागली. अर्धे पुण्याच्या बाजूनं, अर्धे गावाच्या. सर टेबलावर बसून लग्नघरातल्यासारखे खुशीत ऐकत होते. तास संपता संपता म्हणाले, "दोन्ही भाषा बनू शकतात. बनवनाऱ्याले ठरवा लागते. पन एकदा ठरवलं का मंग मधात फिरवाचं नाही. नाहीत मानूस इस्वास कोनावर ठेवीन?"

प्रोग्राममधल्या नावांचा अर्थ कुठे शोधायचा, हा पुस्तकातला चाळीस पानांचा धडा होता. त्या एका तासात तो आमच्या डोक्यात बसला. पण वहीत मात्र एक ओळही उतरली नव्हती, आणि आम्हाला वहीची काळजी होती.

मग सरांनी प्रत्येकाला स्वतःची एक छोटी भाषा बनवायला सांगितली. शब्द पाचच हवेत. मी डोणगावची, घरी शेती. मी शेतातल्या मोटारीसाठी भाषा केली. चालू, बंद, थांब, असे शब्द. सरांनी माझी वही दोन दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाले, "मस्त केलं. पन हे 'थांब' म्हनजे किती येळ? गेलेली लाइन येईलोक, का मानूस येईलोक? तुह्या मनात हाये, पन कागदावर नाही. मशीन तुह्या मनात पाहत नाही, बाई."

मी 'थांब'वर आठवडाभर झगडले. कॉलेजच्या चार वर्षांत मी इतका विचार दुसऱ्या कशाचाच केला नाही.

त्याच महिन्यात पुण्यात एका कंपनीची मुलाखत झाली. गटचर्चेत माझ्या तोंडून "मले वाटते" निघून गेलं. पलीकडची दोघं हसली. फार नाही, जरासंच.

परतले तेव्हा वर्गात सरांविरुद्ध अर्ज करायचं ठरत होतं. चाचणी तोंडावर आली होती आणि पाचपैकी दोनच धडे झाले होते. तक्रार खोटी नव्हती. माझं अक्षर चांगलं, मराठी शुद्ध, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. अभ्यासक्रम मागे आहे, टिपणं मिळत नाहीत, हे दोन मुद्दे सगळ्यांचे होते. तिसरा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता. तो मी घातला. 'सरांची भाषा अशुद्ध व ग्रामीण असून ती उच्च तांत्रिक शिक्षणास अनुरूप नाही.'

संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी तिला म्हणाले, "जेवून राह्यली, मंग बोलू." आणि तरीही मला काही टोचलं नाही.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. सर किती वेळ आत होते, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते आले, पुस्तक उघडलं आणि इंग्रजीत वाचून दाखवायला लागले. आम्ही उतरवून घ्यायला लागलो. एखाद्या शब्दाशी अडखळले की ते थांबायचे, बोटानं ओळ धरायचे, पुन्हा वाचायचे. तुम्हीही कधी पोहणाऱ्या माणसाला चिखलातून चालताना पाहिलं असेल, तसे ते दिसायचे. पाचही धडे वेळेत संपले. "तुले समजलं काय" हे मात्र त्यांनी पुन्हा कुणालाच विचारलं नाही.

सत्राच्या शेवटी मी वहीवर सही घ्यायला गेले. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांनी वही उघडली, माझ्या अक्षराकडे जरा वेळ पाहिलं.

"अर्ज चांगला लिव्हला व्हता," ते म्हणाले. "एकबी चूक नव्हती."

आवाजात राग नव्हता. चांगल्या उत्तराला ते जसं म्हणायचे, तसंच म्हणाले. मी माफी मागायला हवी होती. त्यांनी सही करेपर्यंत वेळही होता. मी "थँक यू सर" म्हणाले आणि वही घेऊन बाहेर आले. पुढच्या सत्रात त्यांना बोलावलं नाही.

पुण्यात नोकरी लागली. काही वर्षांनी आमच्याकडे एका कारखान्याच्या यंत्रांसाठी लहानशी नियमभाषा बनवायचं काम आलं आणि ते माझ्याकडे दिलं गेलं. नव्या मुलांना मी एकेका शब्दाचा अर्थ ठरवायला लावत होते, फळ्यासमोर उभी राहून भांडत होते. काम छान झालं. साहेबांनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी कॉलेजचं नाव सांगितलं. सरांचं नाही सांगितलं.

गेल्या दिवाळीला गावी आले तेव्हा मात्र राहवलं नाही. धामणगावला गेले. चौकात विचारलं तर लोकांनी शिलाईच्या दुकानाकडे बोट दाखवलं. दुकान सरांच्या भावाचं. मी सरांची विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी मशीन थांबवलं, स्टूल पुसून दिलं.

"भाई त गेल्या उन्हाळ्यात गेले, बाई. छातीत दुखलं, मलकापूरच्या दवाखान्यालोकबी नाही पोचले."

चहा आला. ते सांगत राहिले. कॉलेजचं काम सुटल्यावर सर गावातच मुलांना गणित शिकवायचे. "तुमच्या कालेजची याद लय काढत. लय हुशार पोरं व्हती म्हने. पन तो विषयच बंद झाला ना, मंग काय करतीन?"

विषय बंद झाला. घरी त्यांनी असं सांगितलं होतं.

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अर्ज, तिसरा मुद्दा, माझं अक्षर. भाऊ मान खाली घालून ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हातातल्या कापडाची घडी नीट केली.

"त्यायनं आमाले कधी नाही सांगतलं," ते म्हणाले. "आता तुमी काऊन सांगता, बाई?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझी परतीची मोताळ्याची गाडी यायची वेळ झाली म्हणाले, आणि पुन्हा मशीनवर बसले.