शेठ तर आपलाच माणूस

मी खोलीत शिरले तेव्हा कुलकर्णीकाकांनी देशाचं सरकार जवळजवळ स्थापन केलेलं होतं. फक्त खातेवाटप राहिलं होतं. मला बघून ते थांबले.

"या मॅडम. मी यांना सांगत होतो, लोकसभेचा हा निकाल मी आधीच सांगितला होता."

"कोणाला सांगितला होता?" संगीताताईंनी विचारलं.

"घरी सांगितला होता."

"मग घरातच राहिला तो."

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा.

ठाकुर्लीत एका कोचिंग क्लासची खोली आम्ही त्या रविवारपुरती घेतली होती. घोडबंदर रोडवर माझी गाडी अडकली आणि मी पोचेपर्यंत आठ मतदारांनी चहा पिऊन देशाचा कारभार हातात घेतला. माझं काम त्यांना बोलतं करण्याचं. या कामाला मॉडरेटर म्हणतात. आठ अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसवायची, विषय काढायचा आणि शक्य तितकं कमी बोलायचं. वीस-बावीस वर्षं मी हे साबण, बिस्किटं आणि विमा यांच्यासाठी केलं. अलीकडे उमेदवारांसाठीही करते. साबण आणि उमेदवार यांत आमच्या दृष्टीने फरक एवढाच, की साबण बाजूच्या खोलीत बसून ऐकत नाही.

उमेदवार बसतो. त्या खोलीला आम्ही बॅकरूम म्हणतो. तिथे टीव्हीवर चर्चा दिसते आणि ऐकू येते. पलीकडे कोणीतरी ऐकतंय, हे आम्ही मतदारांना आधीच सांगतो; कोण, ते सांगत नाही. आणि क्लायंटला बजावून ठेवतो की काहीही झालं तरी या खोलीत यायचं नाही.

त्या दिवशी बॅकरूममध्ये मधूशेठ होते. गावठाणातले जुने घरंदाज. बापजाद्यांची शेती होती, तिच्यावर आता टॉवर उभे आहेत. वीस वर्षं एका पक्षाचं काम केलं. आता रखडलेली महापालिकेची निवडणूक लागणार म्हटल्यावर पक्षाने तिकिटाचा शब्द दिला तो त्यांच्या चुलतभावाला, रमेशला. रमेशची आई लवकर गेली. त्याला वाढवलं मधूशेठच्या आईने. दोन्ही घरांचं अंगण एक, गणपती एक. मधूशेठनी अपक्ष उभं राहायचं मनात आणलं तेव्हा म्हातारीने सांगितलं, एका घरातनं दोन बॅनर निघाले तर मी अन्नाला शिवणार नाही.

शेठ आमच्या ठाण्याच्या ऑफिसात आले तेव्हाच त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. "मॅडम, मना फक्त येवराच सांगा. लोकांना मी पायजे का नको? पायजे असंल तं उभा रातंव, मंग भाव-बिव बघत नाय. नको असंल तं घरी बसतंव."

ते गेल्यावर माझे बॉस म्हणाले, "बघ, क्लायंटला हवं तेच सांगू नकोस. पण नको ते असेल तर जरा हळू सांग."

चर्चा सुरू करताना आधी सोपा विषय घ्यायचा असतो. लोकसभेचा निकाल ताजा होता, म्हणून मी तोच घेतला. कोणी कोणाला मत दिलं हे विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण विचारायची गरजच पडली नाही. आठही जणांनी आपणहून सांगितलं की आपण निवडून आलेल्यालाच मत दिलं. घोडबंदर रोडला एका आयटी कंपनीत कामाला जाणारा अक्षय तर म्हणाला, "मी तर स्टेटस पण टाकलेलं. लीड किती येणार ते पण बोललेलो. यार, डिलीट झालं ते."

आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. हरलेल्या उमेदवारालाही या भागातून भरपूर मतं पडली होती. पण ती टाकणारा एकही माणूस मला निकालानंतर आजवर भेटलेला नाही.

मग मी प्रभागाकडे वळले आणि टेबलावर तीन फोटो ठेवले. एक मधूशेठचा, एक रमेशचा. तिसरा आमच्या अकाउंटंटचा. त्यांना कोणीच ओळखत नसतं. माहीत नसताना कोण ठोकून देतं, हे पाहण्यासाठी आम्ही असा एक फोटो घालतो.

"यांचं काम चांगलं आहे," अकाउंटंटच्या फोटोवर बोट ठेवून कुलकर्णीकाका म्हणाले. "प्रसिद्धी नाही, पण काम आहे."

मी मान डोलावली. हसू आवरायची मला सवय आहे.

मधूशेठचा फोटो पाहून मात्र टेबलावर एकदम ऊब आली. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. संगीताताई एका हॉस्पिटलात नर्स आहेत, स्टेशनपलीकडच्या चाळीत राहतात. त्या म्हणाल्या, "सासूबाई पडल्या तेव्हा ॲम्ब्युलन्स मिळेना. शेठची गाडी दारात. स्वतः चालवत आणलेली. शेठ तर आपलाच माणूस आहे."

"आमच्या सोसायटीला पाणी नव्हतं तेव्हा टँकर त्यांनीच पाठवला," काका म्हणाले. "न बोलावता. अगदी आपला माणूस."

"अपना आदमी," अक्षय म्हणाला. "एक फोन, काम खतम."

टेबलाभोवती हेच दोन शब्द फिरत राहिले. आठजणांत एकालाही वेगळं काही सुचलं नाही. माझा मोबाइल थरथरला. बॅकरूममधून शेठचा मेसेज होता. जोडलेले हात, मग गुलाब, मग पुन्हा जोडलेले हात. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. चांगला माणूस होता, त्याचं चांगलं होत होतं.

तिथेच थांबले असते तर शेठनी दुसऱ्या दिवशी पक्ष सोडला असता. पण एक प्रश्न उरला होता. मत कोणाला देणार, असं विचारलं की माणूस शोभेल ते उत्तर देतो. म्हणून आम्ही शेजाऱ्यांबद्दल विचारतो. शेजाऱ्याच्या नावावर लोक मनातलं बोलतात, कारण मग जबाबदारी शेजाऱ्याची.

"तुमचं राहू द्या," मी म्हटलं. "तुमच्या आजूबाजूचे लोक काय करतील? शेठ आणि रमेशदादा दोघेही उभे राहिले तर?"

संगीताताईंनी क्षणभरही विचार केला नाही. "आमच्या चाळीतले रमेशदादांना देतील."

"का? आत्ता तर शेठबद्दल एवढं चांगलं बोललात."

"चांगलेच आहेत हो. पण रमेशदादांना नाही दिलं तर त्यांना कळतं. कसं कळतं देव जाणे, पण कळतं. मग समोरून गेले तरी ओळख देत नाहीत, कामं अडतात. शेठचं तसं नाही ना. शेठना नाही दिलं तरी ते रागावणार नाहीत."

"करेक्ट," अक्षय म्हणाला. "शेठको फरक नहीं पडता. घरचा डबा कसा, खाल्ला नाही तरी उद्या परत असतोच."

"म्हणजे बघा," कुलकर्णीकाका मला समजावून देऊ लागले, "परक्या माणसाला मत देऊन खूश ठेवावं लागतं. आपल्या माणसाकडे हक्काने जाता येतं. त्याला मत कशाला द्यायचं? आणि शेठना निवडून यायची काय गरज? निवडून न येताच कामं करतात. उगाच आले तर बदलतील."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या मते ते शेठचं कौतुकच करत होते.

माझा मोबाइल गप्प होता. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत होती. काय होणार ते मला कळलं. दार उघडलं. दारात मधूशेठ उभे होते.

आठही जण उभे राहिले. शाळेत साहेब आल्यावर राहतात तसे.

"शेठ! तुमचंच नाव चाललेलं," अक्षय म्हणाला.

"ऐकला मी."

"आम्ही शेजाऱ्यांबद्दल बोलत होतो," कुलकर्णीकाका घाईने म्हणाले.

शेठ एक खुर्ची ओढून बसले. मी त्यांना बाहेर न्यायला हवं होतं, नियम तसाच आहे. पण त्यांचा चेहरा बघून माझ्याने उठवलं गेलं नाही.

"मना एक सांगा," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मना राग येत नाय, हा कोनी ठरवला?"

संगीताताईच म्हणाल्या, "कधी आलेला का, शेठ?"

"आलेला. चार वेला आलेला. मागच्या टायमाला तुमच्या चाळीचा नळ मी आनला नि पाटी दुसऱ्याची लागली. तवा आलेला."

"मग बोलला नाहीत ते. बोलायचं ना. आम्हाला कसं कळणार?"

मला शेठचं फार वाईट वाटलं, आणि बाईंचं म्हणणं खरं होतं याचंही वाईट वाटलं. कुलकर्णीकाकांनी मात्र विषय बदलला.

"शेठ, रागावू नका. आणि आता आलाच आहात म्हणून सांगतो, आमच्या गल्लीतलं गटार परत तुंबलंय."

मी डोळे मिटून घेतले. आता मात्र शेठ फुटणार, असं मला वाटलं. उघडले तेव्हा ते मोबाइलवर बोलत होते. "हां, तुकाराम? मानसा घेऊन जा रं. कुलकर्णींचे गल्लीत. आज नाय, आता." फोन ठेवल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि खो खो हसत सुटले. मग सगळेच हसले. माझी चर्चा तिथे संपली.

जिन्यात शेठनी मला गाठलं. "मॅडम, खरा सांगा. उभा रायलो तं हे मना देतील का?"

"तोंडावर हो म्हणतील."

"नि मशीनवर?"

"शेजारी नाही देणार, शेठ."

ते कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले. "मंग म्हातारीला सांगतंव, जेव निवांत."

सोमवारी बॉसने विचारलं, "क्लायंट खूश?"

"नाही."

"मग रिपोर्ट बरोबर आला असणार."

शेठनी अर्ज भरला नाही. रमेश निवडून आला, दणकून. मिरवणूक त्याच सामाईक अंगणात येऊन थांबली. म्हातारीने त्याला ओवाळलं आणि तबक शेठनी धरलं, असं त्यांनीच मला फोनवर सांगितलं.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटला. खोटा कशाला बोलू? पन अंगन एकच रायला." मग म्हणाले, "सकालपासनं फोन वाजतंय."

"अभिनंदनाचे?"

"कामाचे. बोलतात, रमेशदादा आता मोठे झाले, त्यांना कुठं त्रास देयाचा? मॅडम, पाच वर्सांनी परत करू तुमचा सर्वे."

"परत कशाला, शेठ?"

"तवर मी रागवायला शिकतंव. थांबा, संगीताताईचा फोन येतंय." आणि त्यांनी माझा कट केला.

शेठ रागवायला शिकतील, असं मला वाटत नाही. माझ्या रिपोर्टात मात्र एक सुधारणा झाली. मतदार एखाद्या उमेदवाराला 'आपला माणूस' म्हणाला, की मी ते मत दुसऱ्याच्या नावावर टाकते. अजून तरी चुकलेलं नाही.