डाल्याखालची करडं

डोळा लागण्याआधी थोडा वेळ असा असतो की बाहेरचे आवाज ऐकू येतात, पण कोणता आवाज कुणाचा हे ठरवायचा कंटाळा येतो. मी तिथे आहे. पौषातली दुपार. ओसरीवरचं ऊन माझ्या गुडघ्यांपर्यंत आलंय. मांडीवर जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, आज सकाळी जन्मलेलं करडू. इतकं हलकं की आत आहे ना, हे मी मधूनमधून चाचपून बघते.

करडू शेजारच्या सुगंधाचं. तिची शेळी सकाळी व्यायली, दोन करडं झाली. थोरलं तिच्या अंगणात बांबूच्या पालथ्या डाल्याखाली झाकलेलं आहे, वर दगड ठेवलाय. शेळीची वार, करडांमागून पडते ती, अजून पडलेली नाही, आणि वार पडल्याशिवाय करडाला कासेला लावायचं नाही, अशी त्यांच्याकडे पद्धत आहे. माझ्या माहेरीही होती. हे धाकटं गार पडायला लागलं, तेव्हा ती ते माझ्याकडे घेऊन आली. माझ्या ओसरीला ऊन जास्त वेळ असतं.

"बाई, याला जरा उबेत ठेवा. वार पडली की नेते."

"अगं, आधी पाजलं तरी चालतं बरं का," मी म्हणाले. "उलट करडू लुचलं की वार लवकर सुटते. आणि पहिला चीक लगेच पोटात गेला तर..."

"न्हाय बाई. वार आत ओढली तर शेळी हातची जायची. आमच्यात न्हाय चालत."

"बरं," मी म्हणाले.

सुगंधा गावातल्या गावात दिलेली मुलगी. पहिली ते चौथी माझ्याच वर्गात होती. साताचा पाढा तिला येईना, तेव्हा अडीच महिने मधल्या सुट्टीत मी तिच्यासमोर चिंचोके मांडून बसायचे. सातावर सात, सातावर सात. एकदाही आवाज चढवला नाही. सदतीस वर्षं शिकवलं, कधीच चढवला नाही. बाई रागवत नाहीत, ही माझी गावातली ओळख.

पलीकडून डाल्याखालचं करडू ओरडतंय. सकाळी त्याचा आवाज भरलेला होता, आता बारीक झालाय. माझ्या मांडीवरचं तर ओरडतही नाही. मी डोळे मिटते.

"हजेरी घ्या की, बाई," कुणीतरी म्हणतं.

मी वर्गात उभी आहे. शाळा आमचीच, दोन खोल्यांची, कौलारू. पण खिडकीतून नदीचं कोरडं पात्र दिसतंय, जे तिथून कधीच दिसत नव्हतं. बसकरपट्ट्यांवर करडं रांगेत बसली आहेत. पाय पोटाखाली घेऊन, अगदी नीट, माझ्याकडे बघत. हजेरीपट माझ्या हातातच आहे.

"चांदी."

"हजर."

"भोरी."

"हजर."

"बांड्या."

"हजर."

ही नावं मीच ठेवलेली. आमच्या घरी करडू जन्मलं की आई म्हणायची, आठ दिवस नाव ठेवायचं नाही. मी पहिल्याच दिवशी ठेवायचे, कुणाला न सांगता. आठवा दिवस न बघितलेली करडं सगळी इथे आहेत. पान संपतं, पुढचं पान निघतं. मध्ये एक ओळ येते, तिच्यात नाव नाही. मी ती सोडते आणि पुढचं नाव घेते.

शेवटच्या पट्टीवरून एक हात वर होतो. हिरव्या बांगड्यांचा.

"बाई, एक वळ सोडलीसा तुमी."

माझी आई. मांडीवर पाटी घेऊन बसली आहे. तिला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. जिवंतपणी ती शाळेच्या फाटकाच्या आत कधी आली नाही, भाकरीचं फडकं बाहेरूनच द्यायची. आणि आता मला बाई म्हणतेय.

"आये, तू इथं कशाला आलीस?"

"शिकाया. समद्या गावाला शिकवलंस की. म्हटलं, आपलाबी नंबर लागतोय का बघावं."

शाळेतली पोरं यावर हसली असती. करडं हसत नाहीत.

मी फळ्याकडे वळते, तर फळा मातीचा आहे. आमच्या जुन्या घराची मागची भिंत. आई भिंतीकडे तोंड करून वाकली आहे आणि स्वतःच्या अंगावरचा चीक पिळून टाकते आहे. पिवळट ओघळ भिंतीवरून खाली येतात. मुंग्यांची रांग लागली आहे. मी नऊ वर्षांची आहे आणि अडुसष्टचीही आहे. घरात पाळण्यात माझा भाऊ रडतोय. तीन दिवस त्याला गुळाचं पाणी पाजलं, चीक नाही. नवव्या दिवशी तो गेला. बारसं झालं नव्हतं.

"सासू म्हनली, चीक जड असतो, पोराला बाधतो," आई भिंतीकडे बघतच सांगते. "तीन दिस हितं पिळला. आन् शेळीचाबी हितंच, वार पडस्तवर."

"माहीत आहे."

"त्ये चुकीचं व्हतं, ह्येबी म्हाईत हाय?"

"हो."

"कवापासनं?"

मुलांशी मी कधी खोटं बोलले नाही. इथेही येत नाही. "डी.एड.ला होते तेव्हापासून. पुस्तकात धडा होता. पहिला चीक लगेच पाजावा. बाळालाही, आणि जनावराच्या पिल्लालाही."

"म्हंजी पोरगं जाऊन धा वर्सं झाली व्हती."

"हो."

"मी म्होरं किती जगले?"

"बावीस वर्षं."

"बावीस." ती पाटी माझ्यापुढे धरते. पाटीवर चिंचोके मांडलेले आहेत. "सालाला तीन करडं गेली म्हन. किती झाली? सांग की, मास्तरीणबाई."

"सहासष्ट."

"उत्तर बरूबर हाय."

नदीच्या पात्रात आम्ही चालतोय. वाळू पायाखाली गरम आहे. आई पुढे, मी मागे. माझ्या हातात टॉवेलाचं गाठोडं, आणि पलीकडच्या काठापर्यंत पालथी डाली. प्रत्येकावर दगड. प्रत्येकाखाली बारीक आवाज. मी वाकून एकावरचा दगड उचलायला बघते, तो हलत नाही.

"तुला वाईट वाटलं असतं," मी तिच्या पाठीला सांगते. "मी तुला ते सांगितलं असतं, तर तू बाळाचं मनाला लावून घेतलं असतंस. आपल्या हातानं गेला म्हणत बसली असतीस. म्हणून गप्प राहिले. तुझ्यासाठी."

ती थांबते. वळते. एवढं चिडलेलं मी तिला जिवंतपणीही पाहिलं नव्हतं.

"माज्यासाठी? पोराचं काय झालं आसतं त्ये कुनाला ठावं. चीक पिऊनबी गेला आसता. पर ही करडं? मला वाईट वाटंल म्हनून माजीच करडं मरू दिलीस व्हय गं? मी रडले आसते. चार दिस जेवले नसते. आन् पाचव्या दिशी उठून शेळीखाली करडू लावलं आसतं. येवढी कच्ची वाटले तुला? का अडानी, म्हनून शिकवायची न्हाय?"

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं मी समजत होते की राग माझ्यात नाहीच. तो पोटात खाली कुठेतरी बसलेला असतो आणि उठला की आधी मान जड होते, हे मला इथे कळतं.

"तू ऐकलं असतंस?" मी म्हणते. "सातवीत होते मी. ओरडणं ऐकवेना म्हणून डालं उचललं होतं. तू फुंकणी घेऊन धावलीस. हा बघ, मनगटावर वण आहे अजून! गप्प बसायला तूच शिकवलंस मला. असू दे म्हण, बरं म्हण. आणि मी आयुष्यभर म्हणत बसले. लोक म्हणतात बाई शांत. शांत कसली? घाबरट आहे मी! आणि तो माझापण भाऊ होता, आये! तू तिकडं पिळत होतीस, तो इकडं रडत होता, आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात होती! मी ऐकत होते सगळं!"

माझा आवाज काठावर आपटून परत येतो. तो माझा आहे हे ओळखायला मला वेळ लागतो. डाल्यांखालचे आवाज थांबले आहेत. ऐकतायत सगळी.

"आत्ता," आई म्हणते. "आत्ता कशी बोललीस. मगाशी त्या पोरीला आसं का न्हाय सांगितलंस? 'बरं' म्हनलीस. ऐकलं मी. बरं म्हनं!"

"ती दुखावेल..."

"दुखावू दे की. मानूस हाय, चार दिसानं बोलंल परत. करडाला दुसरी दुपार हाय का?"

मी गाठोड्याकडे बघते. टॉवेल अजून हलका झालाय. "ते आता चोखतही नाही. बाटली लावली तरी दूध ओठातून बाहेर येईल."

"बाटली कशाला लागती?"

आम्ही माझ्या ओसरीवर आहोत, फक्त ऊन पिवळं आणि दाट आहे आणि भिंतीवरून ओघळतंय. आई माझा पदर ओढते. अगदी टोकाला गाठ मारते, लहान, घट्ट, दावणीला मारायची तशी. वर थोडं कापड सोडून पिळते. शेळीच्या सडाएवढं बोंड तयार होतं.

"तुज्या भावाला गुळाचं पानी ह्याच गाठीनं पाजलं," ती म्हणते. "गाठ बरूबर व्हती. भिजवलं कशात, तितं चुकलं."

ती गाठ भिंतीवरच्या ओघळाखाली धरते.

"कोमट आसू दे. मान वर नको करू त्याची, सरळ ऱ्हाऊ दे, न्हायतर छातीत जातंय. जिभेवर न्हाय ठेवायची, वर टाळूला लावायची. आन् घाई न्हाय करायची. तेवढं तुला येतंय."

"आये, अजून रागात आहेस?"

"व्हय. तू?"

"मीपण."

"मग ऱ्हाऊ दे." ती पाटी काखेत घेते आणि पदर सावरते. "आता ती सुटलेली वळ वाच."

हजेरीपट उघडाच आहे. मी बोट ठेवते. नाव नाही, तरी वाचते.

"बाळ."

कुणी काही बोलत नाही. मी थांबते. मुलाला उत्तर सुचेपर्यंत थांबायची मला सवय आहे. मग एक आवाज येतो, बारीक, फाटका, अगदी जवळून, माझ्या मांडीतून.

मी जागी होते.

ऊन पायाच्या बोटांपाशी गेलंय. करडाने तोंड टॉवेलाबाहेर काढलंय आणि त्याच्या ओठांत माझ्या पदराचं टोक आहे. मी ते हळूच ओढून घेते. टोकाला गाठ आहे. लहान, दगडासारखी घट्ट. माझी बोटं दोन वर्षांपासून सांध्यांत सुजलेली असतात, बरणीचं झाकणसुद्धा मी शिकवणीच्या पोरांकडून उघडून घेते. गाठ ओली आहे, ती करडाच्या लाळेनेही झाली असेल. पण ती पिवळी आहे, चिकट आहे, आणि तिला चिकाचा वास आहे. माझ्या घरात चिकाचा थेंब नाही.

मी करडू छातीशी धरते आणि चपला न घालता पलीकडे जाते.

सुगंधा शेळीशेजारी उकिडवी बसली आहे. "अजून न्हाय पडली, बाई. बघू संध्याकाळपातूर."

"सुगंधा, डालं उचल."

"पर बाई, वार..."

"डालं उचल म्हणते ना मी!"

पलीकडच्या अंगणात धुण्याचा आवाज थांबतो. सुगंधा माझ्याकडे बघत राहते. तिचा चेहरा साताच्या पाढ्याला अडायची तेव्हा व्हायचा तसा झालाय, डोळ्यांत पाणी. 'राग मानू नकोस गं' अगदी जिभेवर येतं. मी ते गिळते.

ती दगड बाजूला करते. थोरलं करडू लटपटत बाहेर येतं, दोनदा पडतं आणि कुणी न दाखवता शेळीच्या कासेपाशी पोचतं. शेळी मान वळवून त्याला हुंगते.

मी दुसऱ्या सडाखाली वाटी धरते. बोटं दुखतात. चीक दाट येतो, पिवळा. गाठ त्यात बुडवते, करडाची मान सरळ धरते, गाठ टाळूला लावते.

काही होत नाही. पुन्हा बुडवते. पुन्हा लावते. हनुवटीवरून ओघळ येतो, तो मी अंगठ्याने पुसते. सातावर सात. पुन्हा बुडवते.

मग त्याच्या गळ्याखाली काहीतरी हलतं. एकदा. जरा थांबून, पुन्हा.

सुगंधा जवळ सरकली आहे. अजून घुश्शात आहे, बोलायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतंय. पण गाठीकडे बघते आणि राहवत नाही.

"बाई, ही गाठ कुनी मारून दिली तुमास्नी?"

"आईनं."

मी वाटी तिच्या हातात देते.

"नीट धर," मी म्हणते. माझा आवाज अजून खाली आलेला नाही. "सांडू नकोस."