दाजींच्या फोनचं कुलूप

"उघड! उघड म्हणते ना! दिल्लीत चोरांचे फोन उघडतोस, तुझ्या दाजींचा उघडताना हात झडले का?"

थोरली अक्का ओरडत होती. सोनारीच्या ओढ्याकाठी दाजींचा दहावा, पिंडापुढं सगळं गाव, आणि मी नुकताच एसटीतून उतरून धावत आलेलो. तिचा आवाज परंड्याच्या किल्ल्यापर्यंत गेला असणार आणि तिथल्या तोफा दचकल्या असणार.

दाजी म्हणजे तिचा नवरा. भजनात गाणारा माणूस. शेतात छातीत कळ आली आणि संपलं. आपलं गाणं त्यांनी फोनमध्ये भरून ठेवलं होतं, संध्याकाळी अक्काला ऐकवायचे. आता त्यांचा आवाज तेवढाच उरला होता, आणि फोनला कुलूप. आकडा फक्त दाजींना ठाऊक.

मी पोचायच्या आधीच घोळ झालेला. कावळा पिंडाला शिवेना. मग रीतीप्रमाणं एकेक जण पुढं होऊन मोठ्यानं बोलू लागला, "अक्काला सांभाळू," "बैल इकणार न्हाय." कावळा लिंबावर ढिम्म. तेवढ्यात दाजींच्या चुलत्यांनी जाहीर केलं, "जीव फोनात अडकलाय." झालं! जे कावळ्यापुढं, तेच फोनपुढं. पुढं यायचं, मोठ्यानं आकडा बोलायचा आणि दाबायचा. कुणी गाडीचा नंबर, कुणी शेताचा गट नंबर, कुणी लग्नाची तारीख. एका पाव्हण्यानं तर स्वतःचंच जन्मसाल घातलं, "आमची दोस्ती लई व्हती" म्हणून! मी पोचलो तेव्हा पडद्यावर आलं होतं की आता आणखी एकदा चुकलात तर सगळं पुसलं जाईल. चुलते तरी बोट उगारून उभेच. मी अशी झडप घातली की कावळा थेट शेजारच्या भूम तालुक्यात जाऊन बसला असेल. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

आता माझं सांगतो. परंड्याच्या स्टँडमागं टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता मी कॉम्प्युटर शिकलो, परीक्षा दिल्या, आपटलो, पुन्हा दिल्या आणि केंद्राच्या तपास खात्यात चिकटलो. आधी कित्येक वर्षं नुसतं जप्त केलेल्या फोनांना लाखेचं सील मारणं, पंचांच्या सह्या घेणं. मग कुठं फोनचं कुलूप तोडणाऱ्या मशीनला हात लावू दिला. पण सुट्टीला गावी आलो की पारावर माझी जीभ मोकाट. जळून कोळसा झालेला फोन माझ्यापुढं ठेवला की तो हात जोडतो, मालकाच्या आजोळची भांडणंसुद्धा सांगून टाकतो, असं मी छातीठोक सांगायचो. गाव हसत हसत ऐकायचं. अक्का मात्र न हसता ऐकायची.

"तूच म्हणला व्हतास ना रं," माझ्या हातातला फोन माझ्याच छातीवर दाबत ती म्हणाली, "कोळशालाबी बोलतं करतो म्हणून?"

"अक्का, ते मशीन दिल्लीला हाय."

"मग ने दिल्लीला. मलाबी ने. म्या दारात बसते."

गुन्हा नोंदल्याशिवाय त्या मशीनला कुणाचा फोन लावता येत नाही, हे मी चार तऱ्हांनी समजावलं. ती मध्येच ओढ्याच्या वाळूत बसली. ओरडणं थांबलं. "सगळं नको," ती हळू म्हणाली. "एक ओळ ऐकव. मग पुसलं तरी चालंल."

ती ओरडत होती तेच बरं होतं.

मी बाभळीच्या आडोशाला गेलो आणि दिल्लीला साहेबांना फोन लावला. साहेब मराठीच. आयुष्यात कुणापुढं एवढी गयावया केली नव्हती. मशीन एकदा वापरू द्या, रजा कापा, बदली करा, हवं तर ईशान्येला फेका, म्हणालो. सवयीनं थोडं वाढवलंही. सगळं गाव अन्नपाणी सोडून बसलंय, म्हणालो. आवाज फुटला तो मात्र वाढवलेला नव्हता.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"यात गुन्हा काय घडलाय?"