मालक तिथेच राहतो का?

बाबा गेले आणि वर्षभरात आई ठाकुर्लीच्या घरात, मोरीत पाय घसरून पडली. तेव्हापासून मी तिला ठाण्याला माझ्याकडे आणलेलं. बंद घर चार-आठ दिवसांसाठी पाहुण्यांना द्यावं, ही कल्पना तिचीच. जवळच्या हॉस्पिटलात बाहेरगावच्या पेशंटबरोबर येणाऱ्यांची सोय होईल, म्हणायची. त्यासाठी सरकारच्या घरगुती निवास योजनेत नोंदणी लागते, म्हणून सोसायटीचं ना-हरकत पत्र घेऊन आम्ही दोघी सरकारी ऑफिसात गेलो.

क्लार्कबाईंनी कागद नीट पाहिले. मग म्हणाल्या, "आजी, या योजनेत मालकाला त्याच घरात राहावं लागतं. तुम्ही राहता ना तिथे?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"राहीन की," ती म्हणाली. "हिने जाऊ दिलं तर."

"तिला आता एकटीला नाही ठेवता येत," मी बाईंना सांगितलं. इतके महिने आईला जे सांगायचं टाळलं होतं, ते मी तिच्यादेखत परक्या बाईला सांगत होते.

बाईंचाही नाइलाज होता. त्यांनी फाइल परत दिली. जिना उतरताना मी हात पुढे केला, पण आई कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिली.