गुदैबियाच्या कोपऱ्यावरचा हंप कुणाचा

बहारीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या पाच वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेत माझा एक फोटो आहे. अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर सत्कारमूर्तीला शोभेल असा संकोच. खाली छापलं आहे, 'गुदैबियातील शाळकरी मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रशासनाकडे यशस्वी पाठपुरावा.' फोटो खरा आहे. शाल आणि नारळही खरे. पाठपुरावा मात्र मी केलेला नाही, आणि फोटो काढला जात होता तेव्हाही मला ते ठाऊक होतं. ज्या स्मरणिकेत ते छापलं तिच्यातच दुरुस्तीही छापावी, म्हणून संपादकांकडून या वर्षी दोन पानं मागून घेतली.

आमची इमारत राजधानी मनामात, गुदैबिया भागातल्या एका अरुंद रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. सकाळी सहाच्या सुमाराला पलीकडच्या बाजूला शाळेच्या बस लागतात आणि इमारतींमधली मुलं पाठीवर दप्तरं घेऊन रस्ता ओलांडतात. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला गाड्या याच रस्त्यात घुसायच्या, त्याही भरधाव. माझी नात तेव्हा पहिलीत होती. एका सकाळी एक गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबली. तिला काही झालं नाही. सूनबाईंनी मात्र दोन दिवस तिला शाळेत पाठवलं नाही. त्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली आणि ठरलं की कोपऱ्यावर गतिरोधक हवा. इथे सगळे त्याला हंपच म्हणतात.

काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी इथल्याच एका बांधकाम कंपनीत तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, आता मुलाच्या व्हिसावर इथे राहतो. शिवाय अर्ज हा आमच्या घरातला वारसा. विदर्भातल्या आमच्या गावी माझे वडील अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहीत. ते म्हणायचे, तोंडी मागितलेलं उपकार ठरतं, कागदावर मागितलेलं हक्क ठरतं. दुसऱ्याच्या अर्जावर आपली सही कधी करू नये, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

बैठकीत मी उभा राहून सगळ्यांना कारभार समजावून सांगितला. "मुहाफझा म्हणजे आपला जिल्हा. बलदिया म्हणजे नगरपालिका. नगरपालिका आली म्हणजे वॉर्ड आला, वॉर्ड आला म्हणजे नगरसेवक आला. त्याला गाठायचं, शाल घालायची, निवेदन द्यायचं. काम खलास." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही माझं म्हणणं फार पटलं.

मागच्या खुर्चीवर आमच्या तळमजल्यावर राहणारा ड्रायव्हर बसला होता. माणूस मालवणकडचा, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, शाळेची बस चालवणारा. तो म्हणाला, "काका, मनामात नगरसेवक नसतो. इकडे नेमलेलं मंडळ असतं. निवडून आलेला बघायचा तर पुलापलीकडे मुहर्रकला जावं लागेल."

"तुला कुणी सांगितलं?"

"निवडणुकीच्या टायमाला तिकडे बोर्ड लागतात, इकडे नाही लागत. गाडी चालवतो, दिसतं."

मी हसलो. बोर्डांवरून राज्यकारभार कळत असता तर आम्ही पुस्तकं कशाला वाचली असती, असं काहीतरी बोललोही. बैठक हसली. तोही हसला.

तीन आठवडे मी आमच्या वॉर्डाचा नगरसेवक शोधला. शेवटी कुणीतरी एका नगरसेवकांचा पत्ता दिला, तो खरोखरच मुहर्रकचा निघाला. मी, मंडळाचे अध्यक्ष आणि शाल असे तिघं त्याच ड्रायव्हरच्या गाडीतून गेलो. संध्याकाळी त्या गृहस्थांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या दिवाणखान्यात, वीस-पंचवीस माणसं भिंतीलगत बसली होती. आम्हाला कॉफी आणि खजूर मिळाले. निवेदन त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि अदबीनं म्हणाले, तुमची मागणी अगदी योग्य आहे, पण तुमचा रस्ता माझा नाही. माझा भाग समुद्राच्या या बाजूला संपतो. शाल तरी घ्या, असा आग्रह अध्यक्षांनी केला. त्यांनी आणखी एकदा कॉफी पाजून आम्हाला वाटेला लावलं.

परतीच्या वाटेवर पूल लागला तेव्हा ड्रायव्हर समोर बघतच म्हणाला, "शाल परत घडी घालून ठेवा काका. आपल्याकडच्या कुणाला तरी लागेल."

मग मी पत्रं लिहायला घेतली. माझं इंग्रजी चांगलं आहे, नकाशा तर मी स्केलमध्ये काढला होता. बलदियाने कळवलं, कचरा, बाग आणि बांधकामाचे परवाने आमच्याकडे, रस्ता आमच्याकडे नाही. मुहाफझात काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि रस्त्याच्या खात्याकडे बोट दाखवलं. शाळेच्या कमिटीलाही लिहिलं. ही कमिटी पालक मतदान करून निवडतात. बहारीनमध्ये मला मत देता आलं ते याच एका निवडणुकीत, मुलगा त्या शाळेत होता तेव्हा, त्यामुळे तिच्यावर माझा विशेष जीव. कमिटी म्हणाली, गेटच्या आतलं सगळं आम्ही बघू, बाहेरचं सरकार बघेल. प्रत्येकाचं उत्तर बरोबर होतं. हंप मात्र कुठल्याच उत्तरात नव्हता.

शेवटी रस्त्याच्या खात्याला लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, ब्लॉक नंबर आणि रोड नंबर कळवा. मी पत्ता लिहिला होता, 'इराणी बेकरीच्या समोर, जुन्या शिंप्याच्या दुकानाशेजारी.' आयुष्यभर दुसऱ्यांचे नकाशे काढलेल्या माणसाने स्वतःच्या रस्त्याचा पत्ता बेकरीवरून दिला होता. आपण पत्ता असाच सांगतो. मारुतीच्या मागे, पिंपळाच्या अलीकडे. मला वाटलं, गुदैबियात ती बेकरी कुणाला माहीत नाही? मी रागावून फाईल आठ-दहा दिवस उघडलीच नाही.

त्या दिवसांत ड्रायव्हर वर आला. हातात चिठ्ठी होती, तिच्यावर इमारत, रोड आणि ब्लॉक, तिन्ही नंबर. "काका, भिंतीवरच्या पाटीवर असतात हे. इकडे ह्याच्याशिवाय पत्ता नसतो. आणि सरकारचं ॲप आहे, त्यात फोटो टाकून तक्रार जाते. टाकू का?"

मी चिठ्ठी फाईलमध्ये ठेवली आणि म्हणालो, "तू स्टेअरिंग सांभाळ. अर्ज मी सांभाळतो."

"बरं," म्हणाला आणि खाली गेला.

त्याने आपल्या मोबाईलवरून तक्रार टाकलीच. बसच्या काचेतून काढलेले फोटो जोडले, गाड्या कुठून येतात, मुलं कुठे ओलांडतात ते. खात्यातून फोन आले तेव्हा वीस वर्षांत जमवलेल्या अरबीत बोलला. एक दिवस दोन अधिकारी टेप घेऊन कोपऱ्यावर उतरले. मी गॅलरीतून पाहिलं आणि फाईल घेऊन धावत खाली गेलो. त्यांनी माझा नकाशा कौतुकाने बघितला, गुड गुड म्हणाले आणि आपलं मोजमाप आपणच घेतलं. अख्ख्या इमारतीने मला त्यांच्या शेजारी उभं पाहिलं. थोड्याच दिवसांत हंप झाला, त्यावर पिवळे पट्टेही आले. ड्रायव्हरने मोबाईल माझ्यापुढे धरला, "काका, वाचा हो, काय म्हणतात?" मी वाचलं. त्याच्या नावाने इंग्रजीत संदेश होता, आपली विनंती पूर्ण झाली आहे, आभार. मी म्हणालो, "काम झालं म्हणतात." एवढंच.

मंडळाने माझा सत्कार ठरवला. शाल तयारच होती. भाषणाच्या कागदावर मी ड्रायव्हरचं नाव लिहून नेलं होतं. पण आधी टाळ्या झाल्या, मग अध्यक्ष म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून परक्या देशात आपलं नाव आहे. कागद खिशातून निघालाच नाही. ड्रायव्हर दाराशी उभा होता. तो इतरांइतक्याच टाळ्या वाजवत होता.

पुढची पाच वर्षं कोपऱ्याला 'काकांचा हंप' म्हणण्याची पद्धत पडली. जेवणाचा डबा आणणारी पोरंसुद्धा फोनवर विचारायची, "काकाके हंप के पास ना?" दर वेळी मला तो खिशातला कागद आठवायचा.

नात आता सहावीत आहे. गेल्या महिन्यात नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचा धडा आला आणि बाईंनी सांगितलं, तुम्ही राहता तिथलं एक उदाहरण शोधा. काम काय होतं, कुणी मागितलं, कुठल्या ऑफिसने केलं. नातीने चार्ट पेपर जमिनीवर पसरला.

"आजोबा, तुमचाच हंप घेते. ईझी आहे. कुणी मागितलं, माय ग्रँडफादर."

"खोडून टाक," मी म्हणालो.

"व्हाय?"

मी सांगितलं. बेकरीपासून मोबाईलवरच्या संदेशापर्यंत सगळं. तिने स्केचपेनला टोपण लावलं.

"सो, यू कॉपीड."

"हो."

"बाईंना कळलं तर झिरो देतात."

"तेच म्हणतोय. चल खाली."

खाली जायला घाई करण्याचं कारण होतं. ड्रायव्हरला वयामुळे कंपनीने निरोप दिला होता. येत्या गुरुवारी शेवटची बस आणि शनिवारी विमान. तो गावी गेल्यावर मी छापून आणलं असतं तरी त्याला काय? ज्याचं त्याला द्यायचं तर तो इथे असतानाच, याच कोपऱ्यावर द्यायला हवं होतं.

तो बॅगेला दोरी बांधत होता. मी उभ्याउभ्याच बोललो. तो दोरीची गाठ आवळत म्हणाला, "काका, मला काय माहीत नाही? सत्काराच्या दिवशी तुमच्या खिशातून कागद अर्धा बाहेर दिसत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? शाल तुमच्याकडे आली, हंप माझ्याकडे आला. दिवसातून चार वेळा त्याच्यावरून बस न्यायची. शाल तुम्हाला, धक्के मला." आणि तो इतका हसला की नातही हसायला लागली. मग तो म्हणाला, "एक वाईट वाटलं होतं, खोटं नाही सांगत. तुम्ही म्हणालात ना, स्टेअरिंग सांभाळ. ते लागलं होतं."

"चुकलो मी."

"झालं मग. मफी मुश्कील, काही प्रॉब्लेम नाही." तो नातीकडे वळला. "काय गो, काय विचारायचं ते विचार."

नातीने विचारलं आणि त्याने जे सांगितलं ते मला बैठकीत सांगता आलं नव्हतं. कचऱ्याचा डबा फुटला तर कुणाकडे, दिवा गेला तर कुणाकडे, रस्ता खचला तर कुणाकडे, ट्रॅफिक पोलिसांना कधी विचारतात. मनामात मंडळ नेमतात आणि मुहर्रकला निवडून देतात, तरी खड्डा दोन्हीकडे सारखाच असतो. नातीने सगळं टिपून घेतलं.

निघताना मी म्हणालो, स्मरणिकेत तुझ्या नावानिशी छापणार. तो गंभीर झाला. "नाव नको हां काका. गावात कळलं तर सरळ ग्रामपंचायतीला उभा करतील. मला आता आराम करायचाय."

गुरुवारी सकाळी सहा वाजता मी तीच शाल आणि नवा नारळ घेऊन कोपऱ्यावर गेलो. अध्यक्षांना बोलावलं होतं, इमारतीतली माणसं आपणहून आली. हंपाशेजारी उभं राहून मी त्या पाच वर्षांपूर्वीच्या भाषणाचं राहिलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, नावासकट. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे मुहर्रकला आपण शाल फिरवायलाच गेलो होतो तर," आणि सगळे हसले. मी त्याला शाल घातली.

"नारळ नुसता काय धरून बसायचा," ड्रायव्हर म्हणाला, "गाऱ्हाणा घालूया." बसमधल्या पोरांना त्याने बजावलं, मी थांबलो की सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. त्यात मराठी पोरं चार-पाच, बाकी सगळी मल्याळी, तामिळ, बंगाली. नारळ दोन्ही हातांत धरून त्याने सुरुवात केली.

"हे देवा म्हाराजा, आज ह्या कोपऱ्यार ही सगळी पोरां जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी बस ओरडली.

"जो कोण हयसून भरधाव येयत, तेचो पाय वेळेर ब्रेकार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बलदियेच्या सायबाक, रस्त्याच्या सायबाक, सगळ्यांका बरी बुद्धी दी. अर्ज इलो तर फाईल हरवा नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या काकांका शंभर वर्सां आयुष्य दी, नि पत्तो लिवूक शिकव रे म्हाराजा."

सर्वांत मोठा होकार नातीचा होता. समोरच्या घरातले बहारीनी आजोबा दारात येऊन ऐकत होते. त्यांना यातलं काय कळलं कोण जाणे, पण शेवटी तेही हात वर करून म्हणाले, "इंशाल्ला."

नारळ त्याने पदपथाच्या कडेवर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे खिडक्यांतून आत गेले. मग शाल खांद्यावर तशीच ठेवून तो स्टेअरिंगवर बसला. बस हंपावर हळू चढली, हळू उतरली. खिडकीतून डोकं काढून त्याने हाक दिली, "काका, स्मरणिकेत बेकरीसमोर लिहू नका हां."

लिहिलेलं नाही. नातीच्या चार्टवर कोपऱ्याचा नकाशा मी काढून दिला आहे, स्केलमध्ये, रोड आणि ब्लॉक नंबरासकट. 'कुणी मागितलं' या चौकोनात तिने निळ्या स्केचपेनने त्याचं पूर्ण नाव लिहिलं आहे. त्याने मना केलं होतं ते स्मरणिकेपुरतं, शाळेच्या चार्टपुरतं नाही.