बिघडवलेलं सूत

चांगला हात ही बाईला मिळालेली शिक्षा असते, हे मला लग्नानंतर कळलं. माझ्या हातचं सूत गावात सगळ्यांत एकसारखं निघायचं. आमच्या काळ्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. पिंजून तिचे पेळू, लांबट वळ्या, केले, चरख्यावर धरले, की केस बोटांना टोचतात आणि धागा घडीघडी तुटतो. माझा तुटत नसे. याचा मला ताठा होता, आणि तो सासूबाईंना दिसायचाही.

मग बहात्तरचा, सुकडीचा दुष्काळ आला. निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला गेलं. आमचं धनगराचं घर. मेंढरांना काडी उरली नाही तेव्हा नवऱ्याने आणि थोरल्या दिरांनी कळप गंगथडीला न्यायचं ठरवलं. गोदावरीच्या काठाला निदान ओल तरी होती. कळपाबरोबर शेळ्याही जाणार होत्या, आणि माझी दोन वर्षांची लेक शेळीच्या दुधावर होती. म्हणजे लेक जाणार, जाऊबाई तिला सांभाळणार. मी मात्र गावात राहणार, असं मला न विचारता ठरलं.

कारण होतं लोकरीची सहकारी संस्था. ती त्याच सुमारास आमच्याकडे निघाली होती. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, म्हणून संस्थेने सरकारी फार्मावरच्या संकरित मेंढ्यांची पांढरी लोकर आणली. लांब, मऊ, लोण्यासारखी बोटांतून सुटणारी. तिचा मला पहिल्यापासून रागच. असली लोकर कोणीही कातेल, त्यात काय मोठंसं! कातलेल्या लडी पळसाच्या फुलांत नाहीतर बाभळीच्या सालीत उकळायच्या. रंगाला पाणी लागतं, म्हणून संस्थेच्या दारात टँकर यायचा, आणि कातणारीच्या घरी रोज दोन घागरी मिळायच्या. विहिरीत तेव्हा नुसता चिखल होता. सासू-सासरे थकलेले, त्यांना गंगथडीची वाट झेपणारी नव्हती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्याकडे दोन्ही कोरडी होती.

तरी मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मला बी जाऊ द्या. पोर माझ्याबिगर ऱ्हायची न्हाई."

"अन् आमी प्यावं काय? तुझा चरका?"

"वन्सं हायत की. त्यांचा हात बी बसलाय आता."

संस्था घरटी एकच बाई घ्यायची. लग्नाला आलेली नणंद घरात होती, तिचं सूतही बरं निघायचं. सासूबाईंनी जरा विचार केला आणि कातकाम शिकवणाऱ्या मास्तरांना विचारून पाहिलं. मास्तर बाहेरगावचे, गोड बोलणारे. म्हणाले, "छे, छे! तुमच्या सूनबाईंचाच हात हवा. त्यांना सोडलं तर संस्था कशी चालायची?" मास्तरांना दुखवायला सासूबाई तयार नव्हत्या. पाणी त्यांच्या हातात होतं.

म्हणून मी सूत बिघडवायचं ठरवलं. वाईट सूत पाहून मास्तर मला काढतील, नणंदेला बसवतील, घागरी येत राहतील आणि मी लेकीबरोबर जाईन. सरळ हिशेब होता. पण बोटं ऐकेनात. पेळू मुद्दाम जाड सोडला तरी बोटं आपोआप तो ओढून बारीक करत. शेवटी मी चरख्याकडे न बघता, अंगणात खेळणाऱ्या लेकीकडे बघत कातायला लागले. तेव्हा जमलं. कुठे सुतळीएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक, मध्येच गाठ. अशा लडी मी पळसाच्या रंगात घातल्या. जाड जागी रंग कमी मुरला, बारीक जागी जास्त. एवढं ओंगळ काम आयुष्यात केलं नव्हतं. मनातून फार खूश झाले.

मास्तरांनी लड उचलली, उन्हात धरली, उलटीसुलटी केली. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

"बाई, हे कसं काढलंत?"

मी मान खाली घातली.

"शहरात हल्ली हेच मागतात. शालींना, पडद्यांना. यंत्राला असं सूत येत नाही. आता तुम्ही असंच काढा, आणि बाकीच्या बायांनाही शिकवा."

सासूबाईंना सगळं कळलं होतं. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाल्या, "कर अजून शानपना."

दोन दिवसांनी कळप निघाला. घोड्यावर वाकळा, भांडी, दोन नवी कोकरं, आणि त्यांच्या मधोमध माझी लेक. ती रडली नाही. घोड्यावर बसायला मिळालं म्हणून हसत होती. मला आधी तिचा राग आला, मग मास्तरांचा, मग माझ्या दहा बोटांचा. नवरा म्हणाला, "पाऊस पडला की येतूच की." जणू पाऊस त्याच्या कोपरीच्या खिशात होता. धूळ खाली बसेपर्यंत मी वेशीत उभी राहिले.

तिथून थेट संस्थेत गेले. बाया पेळू घेऊन माझी वाट बघत बसल्या होत्या. एक नवीच पोरगी मला म्हणाली, "ताई, आमचं सूत सरळच येतंय. तुमी कसं काढता?"

"हात चरख्यावर ठेव," मी म्हणाले, "अन् जीव दुसरीकडं."

ती हसली, तिला गंमत वाटली. मी पेळू धरला आणि चरखा फिरवला. त्या दिवसापासून मला सूत मुद्दाम बिघडवावं लागलं नाही.